नोहाची बायको आणि बीडची फिर्याद

२०१९च्या डिसेंबरात, नाताळाच्याच दिवसांत, बीडच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात एक फिर्याद दाखल झाली. ती होती दिग्दर्शिका फराह खान, अभिनेत्री रवीना टंडन आणि विनोदी कलाकार भारती सिंह यांच्याविरुद्ध. 'बॅकबेंचर्स' नावाच्या ऑनलाइन विनोदी प्रश्नमंजूषेत फराह खान यांनी दोघींना 'हालेलुया'चे स्पेलिंग लिहायला सांगितले होते. रवीना यांनी ते बरोबर लिहिले. भारती सिंह यांना ते येईना, अर्थही माहीत नव्हता. मग त्या न कळलेल्या शब्दावरून थट्टा सुरू झाली आणि हशा पिकला. स्तोत्रसंहितेतली शेवटची पाच स्तोत्रे याच शब्दाने सुरू होतात आणि याच शब्दाने संपतात. परमेश्वराची स्तुती करा, एवढाच त्याचा अर्थ. मराठवाड्यातल्या एखाद्या मंडळीत रविवारच्या उपासनेला तासभर बसलात, तर तो किती वेळा कानावर पडेल याची मोजदाद ठेवता येणार नाही.

पहिला गुन्हा पंजाबात, अमृतसर जिल्ह्यातल्या अजनाला येथे, ऐन नाताळाच्या दिवशी नोंदवला गेला होता. बीडची फिर्याद त्यामागोमाग आली. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे भारतीय दंड विधानाचे कलम २९५-अ लागले. २७ डिसेंबरला फराह खान यांनी जाहीर माफी मागितली. ३० डिसेंबरला त्या आणि रवीना टंडन मुंबईत कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांना भेटल्या. कार्डिनलांनी माफी स्वीकारली आणि त्यांच्या बाजूने विषय मिटला. पुढे जानेवारीत पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने पोलिसांना सक्तीची कारवाई न करण्यास सांगितले. बातमी दोन-चार दिवस चालली आणि विरली. पण मुंबईपासून इतक्या दूरच्या बीडमधून फिर्याद का व्हावी, हा प्रश्न बातमीबरोबर विरायला नको होता.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजारांच्या आसपास होते, म्हणजे शेकड्याला एकसुद्धा पुरता नाही. त्यातले बरेचसे मुंबई-वसईच्या पट्ट्यात. बीड जिल्ह्याच्या पंचवीस-सव्वीस लाखांच्या वस्तीत ते फारच विरळ. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शेजारी नगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१पासून. उत्तरेला जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलेले. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत तर १९७७चा, बीड त्यातच येते. या भागातले बहुतेक ख्रिस्ती गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेले आहेत. आडनावे शिंदे, गायकवाड, साळवे, कांबळे. बोली बीडचीच, जेवण भाकरी-ठेच्याचेच.

हा माणूस हिंदी पडद्यावर कधी दिसतो का? हिंदी सिनेमाचा ख्रिस्ती म्हणजे वांद्र्याचा किंवा गोव्याचा. गळ्यात क्रूस, हातात बाटली, तोंडी मोडकी हिंदी. 'अमर अकबर अँथनी'तला (१९७७) अँथनी गोन्साल्विस भल्यामोठ्या ईस्टरच्या अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा सगळे थिएटर हसते, आणि ख्रिस्ती प्रेक्षकही मनापासून हसले. त्या नावाचे खरे गृहस्थ गोव्याचे संगीतकार, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्या हसण्यात प्रेम होते, कारण तो अँथनी भला आहे, शूर आहे, वस्तीचा पाठीराखा आहे. पण बीडच्या शिंद्यांची पोर पडद्यावर 'हालेलुया' ऐकते ती पहिल्यांदा थट्टेतच, तेव्हा तिला काय वाटत असेल? आपण या देशाच्या पडद्यावर आहोत कुठे, हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना आपल्या प्रार्थनेतला शब्द हशासाठी उचललेला दिसला तर ते चिडणार. ते चिडणे मला समजते. फिर्याद मात्र पटत नाही, त्याकडे पुढे येतो.

बायबलच्या गोष्टीवर विनोद करावा की नाही, हा वाद ख्रिस्ती लोकांमध्ये जुना आहे. आणि हसणारे बहुतेक वेळा बाहेरचे नव्हते, चर्चमधलेच होते. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत कॉर्पस ख्रिस्ती सणाच्या सुमारास शहरातले कारागीर बायबलची नाटके करत. यॉर्कमध्ये नोहाच्या गोष्टीतला, देवाने धाडलेल्या जलप्रलयातून वाचण्यासाठी तारू बांधण्याचा प्रवेश जहाज बांधणाऱ्या सुतारांकडे आणि जलप्रलय कोळ्यांकडे नि खलाशांकडे असे. चेस्टरमध्ये नोहाचे नाटक डी नदीचे पाणी वाहून विकणाऱ्यांच्या वाट्याला आले होते. त्या नाटकात सगळ्यांत लाडके पात्र नोहा नव्हता, नोहाची बायको होती. बायबलमध्ये तिला नावही नाही, तोंडी एक वाक्यही नाही. चेस्टरवाल्यांनी तिला भरपूर बोलायला लावले. पाऊस सुरू झाला तरी ती तारवात पाय ठेवत नाही. तिच्या मैत्रिणी बाहेर आहेत, त्यांच्याबरोबर मद्याचा प्याला चालू आहे, त्यांना बुडायला सोडून मी येणार नाही, असे ती ठणकावते. शेवटी मुलगे तिला उचलून आत नेतात आणि आत येताच ती नोहाच्या कानशिलात लगावते. वेकफिल्डच्या नाटकात तर ती सूत कातत बसते, पाणी पायाशी येईपर्यंत हलत नाही आणि नवरा-बायकोची चांगलीच जुंपते.

हे सगळे बघणारे लोक धर्मश्रद्ध होते, त्यांना गोष्ट पाठ होती. प्रलय खरा, देवाचा कोप खरा, तारूही खरे, आणि त्यातच ही भांडखोर बाई. मला यात एक खोल माणुसकी दिसते. मैत्रिणींना सोडून कशी येऊ, हा तिचा प्रश्न हशात विचारला जातो, पण त्याला उत्तर नाही. बायबल ज्या बुडालेल्यांबद्दल फारसे बोलत नाही, त्यांच्याबद्दल बोलायला त्या पाणक्यांना एक विनोदी पात्र लागले. धर्मसुधारणेच्या काळात ही नाटके बंद पडली. यॉर्कचा शेवटचा प्रयोग १५६९चा, चेस्टरचा १५७५चा. विसाव्या शतकात दोन्ही शहरांनी ती पुन्हा सुरू केली.

नोहाची हीच गोष्ट २००७मध्ये हॉलीवूडने विनोदी करून आणली. 'इव्हान ऑलमायटी'चा दिग्दर्शक टॉम शॅडियॅक, नोहाच्या जागी स्टीव्ह करेल, देवाच्या भूमिकेत मॉर्गन फ्रीमन. नवा निवडून आलेला खासदार, त्याच्या दारात एके दिवशी लाकडाचे ढीग येऊन पडतात, दाढी वाढतच जाते, शेजारी हसतात. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात तारवाची मापे दिली आहेत: ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. चित्रपटासाठी व्हर्जिनिया राज्यात प्रचंड तारू खरोखर उभारले गेले. पावणेदोनशे दशलक्ष डॉलरच्या घरात खर्च झाला आणि जगभरची तिकीटविक्री जेमतेम तेवढीच झाली. चर्चमध्ये जाणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत चित्रपट पोहोचावा म्हणून खास प्रचार केला गेला होता.

ख्रिस्ती प्रेक्षकांत दोन तट पडले. शिवीगाळ नाही, अंगप्रदर्शन नाही, बाप प्रार्थना करतो, घरातली सगळी मंडळी एकत्र बसून पाहू शकतात, म्हणून काहींना तो आवडला. इतरांचा आक्षेप हशावर नव्हताच. तो होता गोष्टीचा कणाच काढून घेण्यावर. चित्रपटात प्रलय येतो तो एका लबाड खासदाराने बांधलेले निकृष्ट धरण फुटून. देव नोहाच्या बायकोला सांगतो की ही कोपाची नव्हे, प्रेमाची गोष्ट आहे. पाप कुठे गेले? न्याय कुठे गेला? मला हा दुसरा पक्ष जास्त सशक्त वाटतो. चेस्टरच्या नाटकात हसण्याला भरपूर जागा होती आणि तरीही पाणी भयंकर होते. इथे हसवता यावे म्हणून पाणीच उथळ केले.

पाण्याचे भय बीडला कुणी शिकवायला नको. वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहणाऱ्या याच जिल्ह्यात जुलै १९८९मध्ये बिंदुसरा नदी फुगली आणि बीड शहराची वाताहत झाली. ज्यांनी तो पूर पाहिला आहे, त्यांच्यापुढे प्रलयाची गोष्ट सांगताना कुठे हसवायचे आणि कुठे थांबायचे, हे सांगणाऱ्याला कळलेच पाहिजे.

१९७९चा 'लाइफ ऑफ ब्रायन' हा विनोदी चित्रपट म्हणजे याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण. येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेला ब्रायन, ज्याला लोक चुकून मसीहा समजतात. नॉर्वेने वर्षभर आणि आयर्लंडने कितीतरी वर्षे त्यावर बंदी ठेवली. ९ नोव्हेंबर १९७९ला बीबीसीवर चर्चा झाली. एका बाजूला चित्रपटाचे जॉन क्लीझ आणि मायकेल पेलिन, दुसऱ्या बाजूला पत्रकार माल्कम मगरिज आणि जांभळ्या झग्यातले बिशप मर्विन स्टॉकवुड, छातीवर भला मोठा क्रूस. बिशपांनी शेवटी यहूदाच्या तीस चांदीच्या नाण्यांचा टोमणा मारला. पेलिन यांनी पुढे सांगितले की हे दोघे चित्रपटाला उशिरा पोहोचले होते आणि सुरुवातीचा भाग त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यात ब्रायन आणि येशू वेगळे आहेत हे स्पष्ट होते, आणि येशू डोंगरावरचे प्रवचन देताना आदराने दाखवला होता. म्हणजे इथे उलटे झाले. विनोद करणाऱ्यांनी गोष्ट नीट वाचली होती आणि आक्षेप घेणाऱ्यांनी चित्रपट पुरता पाहिला नव्हता.

आपल्याकडे २०१२ साली प्रियदर्शन यांच्या 'कमाल धमाल मालामाल'वर मुंबईतल्या कॅथलिक संघटनांनी हरकत घेतली. पाद्रीच्या गळ्यात लॉटरीच्या तिकिटांचा हार, असली दृश्ये होती, त्यांना कात्री लागली. तो शफी यांच्या 'मेरिक्कुंडोरु कुंजाडु' (२०१०) या गाजलेल्या मल्याळम विनोदी चित्रपटावर बेतलेला होता. मल्याळम सिनेमात ख्रिस्ती घर हे रोजचे घर असते. तिथे पाद्री, कपियार (म्हणजे चर्चचा सेवक), लबाड काका, प्रेमळ आजी सगळे असतात, त्यामुळे एका पात्राची चेष्टा सगळ्या समाजावर पडत नाही. हिंदीत ते घर नाही. उरते फक्त चेष्टा.

मराठी ख्रिस्ती माणसाला हसण्याचे वावडे मुळीच नाही. नगरला १८६२ साली कृष्णराव सांगळे यांनी पहिले ख्रिस्ती कीर्तन केले. कीर्तन म्हटले की आख्यान आले, आणि आख्यान रंगवायचे तर श्रोत्यांना हसवायला हवेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तले हसू तर साऱ्या महाराष्ट्राच्या घरातले झाले. नवऱ्याचे धर्मांतर, सोवळे-ओवळे, स्वतःची भाबडी समजूत, सगळ्यावर त्या हसल्या, आणि त्याच बाईंनी नारायण वामन टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुरे केले. श्रद्धा आणि विनोद एकाच लेखणीत नांदतात, याचा इतका सज्जड पुरावा दुसरा कशाला हवा? आणि मराठी सिनेमाची मुळेही याच गोष्टीशी जोडलेली आहेत. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहताना दादासाहेब फाळक्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आजही गावोगावच्या मंडळ्यांत नाताळचे नाटक होते. मेंढपाळ होणाऱ्या पोराच्या अंगावर खरी घोंगडी असते, हेरोद राजाची कापसाची दाढी ऐन संवादात निसटते, पाळकसाहेबही हसू आवरू शकत नाहीत. त्या हशाने कुणाच्या भावना दुखावत नाहीत. 'करुणामयुडु' या १९७८च्या तेलुगू चित्रपटाचे हिंदी रूप 'दयासागर' गावागावांत उघड्यावर पडदा लावून दाखवले गेले. क्रूसाचा प्रसंग आला की तिथे बायका रडत. रडणे आणि हसणे, दोन्हीला या घरात जागा आहे.

आता फिर्यादीबद्दल. २९५-अ हे कलम १९२७ साली आले, 'रंगीला रसूल' या पुस्तिकेवरून उठलेल्या वादानंतर. त्यात 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' ही अट आहे. १९५७च्या रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अधोरेखित केली. २०१७ साली महेंद्रसिंह धोनी यांना मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णुरूपात दाखवल्याचा खटला रद्द करताना न्यायालयाने सांगितले की नकळत वा निष्काळजीपणे झालेला अवमान या कलमात बसत नाही. २०२४पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आले आहे. 'बॅकबेंचर्स'मध्ये जे घडले ते मला अज्ञानच दिसते, द्वेष दिसत नाही. अज्ञानावर पोलीस ठाण्यात उपाय नाही, आणि ज्या समाजाच्या प्रार्थनासभांवरच कधी कधी पोलीस बोलावले जातात, त्या समाजाने तर हे हत्यार फार जपून उचलावे असे मला कळकळीने वाटते. धर्म कोणता, यावरून माणसाला मराठी म्हणावे की नाही हे ठरवणारे लोक अजून आहेत. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले तेव्हा तो विरोध आपण पाहिला. 'सुबोध बायबल' लिहिणाऱ्या त्या लेखकाने उत्तर दिले ते मराठीतच.

मला जो चित्रपट पाहायचा आहे तो बीडच्याच एखाद्या मंडळीतल्या मुलांनी करावा. विषय नोहाचाच. गेवराईकडचे एखादे गाव, तीन वर्षे पाऊस नाही, विहिरीचा तळ दिसतोय, आणि एक म्हातारा माळावर तारू बांधतोय. गाव येता-जाता विचारतंय, 'नोहाबाबा, ही होडी चालवणार कशात?' सरपंच अतिक्रमणाची नोटीस काढतो. बायको म्हणते, 'चाळीस दिवस पाऊस? बीडात? आधी आजचा टँकर तरी येऊ द्या.' आणि ढग खरेच भरून येतात, तेव्हा ती बचत गटाच्या सगळ्या बायकांना घेतल्याशिवाय चढायला तयार होत नाही.