अर्ध्या टनाची चूल

ऑस्टिन, टेक्सास

मे महिना सरत आला की टेक्सासात परसातल्या चुलींचा बाजार तेजीत येतो. ‘मेमोरियल डे’च्या सुट्टीपासून बार्बेक्यूचा मोसम सुरू झाला असं धरलं जातं. मोठ्या दुकानांच्या दारात दोन-तीनशे डॉलरचे ऑफसेट स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या लोखंडी चुली, रांगेने मांडलेले असतात. जाणता माणूस त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो गावाबाहेरच्या एखाद्या वेल्डरची शेड गाठतो, काळ्या पिंपाचं झाकण दोन्ही हातांनी उचलतो, बिजागऱ्या तपासतो आणि बोटाच्या पेराने पत्रा वाजवून बघतो. पातळ पत्रा खणखणतो. पाव इंची पत्र्यातून बोदा आवाज आला की मग भावाची बोलणी. ती काही हजार डॉलरच्या घरातच चालतात.

यंत्र म्हणावं तर त्यात यंत्र काहीच नाही. एक आडवं पिंप, एका टोकाला जरा खाली जोडलेली आगीची पेटी, दुसऱ्या टोकाला धुरांडं. आग एकीकडे आणि मांस दुसरीकडे. धुरांड्याच्या ओढीने गरम हवा आणि धूर मांसावरून वाहत जातो, बस्स. सगळे पैसे लोखंडाच्या जाडीचे. जाड लोखंड उष्णता धरून ठेवतं. पातळ पत्रा वाऱ्याच्या झुळकेसरशी थंड पडतो. थोराड चुली तर जुन्या ५०० किंवा १,००० गॅलनच्या प्रोपेन टाक्या कापून बनवतात. तेलविहिरींच्या या राज्यात जाड लोखंडाला आणि वेल्डरांना तोटा नाही.

नवी चूल आली की आतून तेल चोपडून ती रिकामीच तापवायची. मग काही जण जाळीभर बिस्किटांच्या कणकेचे गोळे मांडतात. आगीजवळचे करपतात, धुरांड्याकडचे फिकटच राहतात. चूल कुठे किती तापते याचा नकाशा तयार!

मध्य टेक्सासात लाकूड पोस्ट ओकचंच, तेही कापून महिनोन्‌महिने वाळवलेलं. विकत घेताना माप ‘कॉर्ड’चं, म्हणजे १२८ घनफूट. आग लहान पण जिती हवी. धुमसत्या लाकडाचा पांढरा धूर मांस कडवट करतो. धुरांड्यातून निळसर, दिसेल न दिसेल असा धूर निघाला तरच गडी खूश. तापमान २२५ ते २७५ अंश फॅरनहाइट. बारा-चौदा पौंडांचं ब्रिस्केट, म्हणजे गाईगुरांच्या छातीचं चिवट मांस, शिजायला बारा तास सहज लागतात आणि दर पाऊण तासाला आगीत नवी फाळ सारावी लागते. मांस १६० अंशांच्या आसपास पोचलं की काटा तासन्‌तास हलत नाही. मांसाला घाम फुटतो आणि त्या ओलाव्याची वाफ होताना ते स्वतःला गार ठेवतं, आपल्या माठातल्या पाण्यासारखं. मग ते जाड कागदात गुंडाळून परत चुलीत.

या खाण्याचं मूळ जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांत सांगतात. न खपलेलं मांस ते धुरावर धरून कागदात बांधून विकत. लॉकहार्टचं क्रॉइट्झ मार्केट १९०० सालचं. पण त्या कागदावर जेवणाऱ्यांत कापूस वेचणारे कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मजूरही होते, आणि खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर मांस भाजण्याची अमेरिकेच्या दक्षिणेतली विद्या पिढ्यान्‌पिढ्या गुलामांच्या हातांत होती. इथल्या कौतुकात हे उल्लेख घाईत उरकतात, ते मला खटकतं. एके काळी हलकं समजलं जाणारं ब्रिस्केट आता महागलंय. २००९ साली ऑस्टिनमध्ये एका ट्रेलरमधून धंदा सुरू करणाऱ्या ॲरन फ्रँकलिनला २०१५ मध्ये अमेरिकी पाकक्षेत्रातला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला आणि ‘टेक्सास मन्थली’ मासिकात तर बार्बेक्यूसाठी स्वतंत्र संपादक आहे. परसातली चूल पुरुषांचीच, असा इथे समज. पण लेक्सिंग्टनच्या, फक्त शनिवारी उघडणाऱ्या ‘स्नोज’ या बार्बेक्यूच्या दुकानातल्या नावाजलेल्या पिटमास्टर, म्हणजे चूल सांभाळणाऱ्या, टूट्सी टोमानेट्झ या १९३५ साली जन्मलेल्या आजीबाई आहेत.

विजेवर चालणारे, लाकडाच्या गोळ्या आपोआप आगीत सोडणारे आणि फोनवर तापमान कळवणारे स्मोकरही इथे मिळतात. मांस चांगलं होतं. तरीही आठवडाभर सगळं बटणावर चालवणारा माणूस शनिवारी पहाटे चार वाजता उठून सरपण सारायला जास्तीचे पैसे मोजतो. मला विचाराल तर विकली जाते ती ही राखणच. आगीपाशी बसलेल्या माणसाला कुणी काम सांगत नाही आणि शेजारी आपणहून खुर्ची ओढून येतात. इथल्या कुंपणाआडच्या वस्त्यांत ही गोष्ट लहान नव्हे. बीफ न खाणाऱ्या मराठी घरांतून कुणी आलं, तर चुलीच्या थंड टोकाला त्यांची कोंबडी आणि भरताचं वांगंही धूर खातं.

अर्थात सगळ्यांनाच हे झेपत नाही. जुन्या मालाच्या जाहिरातींत ‘जवळजवळ नवा’ स्मोकर हमखास सापडतो. भाव निम्म्यावर, आणि खाली ठळक सूचना : ट्रेलर आणि चार माणसं तुमची तुम्ही आणा.