‘गॅसचे टाकू की ऑइलचे?’

मेकॅनिकने हा प्रश्न विचारला की गाडीमालक मला फोन लावतो, आणि त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘गॅसच्या शॉकअपमध्ये ऑइल नसतंच म्हणे, म्हणून ते कडक.’ किती वर्षं हे ऐकतोय! गॅसच्या शॉकअपमध्ये ऑइल असतं. भरपूर असतं. काम तेच करतं.

खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळते, ती उसळी शॉकअपने मारायची. आतला पिस्टन ऑइलमधून वरखाली होतो, बारीक झडपांतून ऑइल कसंबसं वाट काढतं आणि स्प्रिंगचा जोर उष्णता होऊन निघून जातो. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, पण जपून.

मग गॅस कशाला? गोटीसोड्याची बाटली आठवा. बंद असते तोवर आत बुडबुडा नाही. गोटी आत ढकलली, दाब सुटला, की फसफस. साध्या शॉकअपमध्ये ऑइलच्या वर हवा असते. खड्ड्यांतून गाडी सलग पळवली की पिस्टनमागचा दाब पडतो, ऑइलमध्ये हवा मिसळते, फेस होतो. ऑइल दबत नाही, फेस दबतो. पिस्टनला मग धड विरोधच होत नाही आणि मागची सीट झुलायला लागते. हवेच्या जागी दाबाखालचा नायट्रोजन असला की फेस सहज धरत नाही. गॅसचं काम एवढंच.

यात दुनळी प्रकारात दाब थोडा असतो. एकनळीत तो 20 ते 30 बारपर्यंत जातो. तिथे गॅस आणि ऑइल यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो. आणि हे ‘नवीन तंत्र’ही नव्हे: फ्रेंच अभियंता बुर्सिए द कार्बोंच्या कल्पनेवरचे एकनळी शॉकअप बिलस्टाइनने 1957 मध्येच मर्सिडीजसाठी काढले.

कडकपणाचा पुरावा म्हणून गॅसच्या शॉकअपचा पट्टा कापून दाखवतात. दांडा आपोआप बाहेर येतो, गिऱ्हाईक चाट! हिशेब करा: 11 मिलिमीटरचा दांडा, 25 बार दाब, म्हणजे जेमतेम 24 किलोचा रेटा. गाडी किंचित ताठ वाटेल, इतकंच. खरा कडक-मऊपणा झडपा ठरवतात.

म्हणून माझं उत्तर कंटाळवाणं आहे: कंपनीने जे बसवले होते तेच टाका. मुळात ऑइलचे असतील आणि गाडी भरून खराब रस्त्यांवर पळत असेल, तर गॅसचे घ्या. गावातल्या गावात फिरणाऱ्याचं ऑइलच्यांवर भागतं.

बाकीचे गैरसमज पटापट. शॉकअप गाडीचं वजन पेलतात? नाही, ते स्प्रिंगचं काम. एकच गेला तर एकच बदलावा? नाही, त्या ॲक्सलची जोडी बदला. बॉनेट दाबून बघितलं की कळतं? पार गेलेला असेल तरच. अंगावर तेलकट ओल दिसली म्हणजे गेला? पुसून पुन्हा बघा; ओघळ आला तर गेला.

आणि ‘गॅस परत भरून देतो’ म्हणणारे! तुमच्या गाडीतला साधा शॉकअप कारखान्यातून कायमचा बंद होऊन येतो. त्याला भोक पाडून, काहीतरी भरून, वर वेल्डिंगचा टिपका मारलेला एक नग माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून बरा पडतो.