‘डक हंट’ची बघणारी बंदूक

१९७३ सालची गोष्ट. जपानमध्ये बोलिंगचं वेड ओसरलं होतं. ओस पडलेल्या त्या लांबलचक हॉलमध्ये निन्टेन्डोनं नेमबाजीचा नवा खेळ मांडला, लेझर क्ले शूटिंग. समोर तबकड्या उडायच्या, हातातल्या बंदुकीतून प्रकाश सुटायचा, नेम लागला की तबकडी फुटायची. उद्घाटनाला पत्रकार हजर, आणि ऐन वेळी यंत्रानं दगा दिला. तेव्हा गेन्यो ताकेदा नावाचा कंपनीतला तरुण इंजिनिअर यंत्रामागे जाऊन बसला आणि समोरून चाप ओढला गेला की हातानंच तबकड्या फोडत, गुण देत राहिला, असा किस्सा सांगतात. पुढे बसलेल्यांना पत्ताही लागला नाही म्हणे.

त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचं संकट आलं, लोकांनी चैनीचे खर्च आवरले आणि लेझर क्लेच्या ऑर्डरी धडाधड रद्द झाल्या. निन्टेन्डो कर्जात बुडाली. दुसऱ्या एखाद्या कंपनीनं बंदुकीचा नाद तिथंच सोडला असता. यांनी सोडला नाही, म्हणून अकरा वर्षांनी ‘डक हंट’ हा व्हिडिओ गेम आला.

हा नाद त्याआधीच लावला होता एका विक्रेत्यानं. मासायुकी उएमुरा तेव्हा शार्प कंपनीत होते आणि सोलर सेल विकायला निन्टेन्डोकडे यायचे. प्रकाश पडला की वीज देणारी ती छोटी चकती गुन्पेई योकोई यांच्या हाती पडली. योकोई खेळणी बनवणारे. त्यांनी सेल लक्ष्यात बसवला आणि प्रकाश बंदुकीतून सोडला. १९७० मध्ये ‘कोसेन्जू’ मालिकेची खेळणी दुकानांत आली. उएमुरा थोड्याच काळात निन्टेन्डोत दाखल झाले आणि पुढे टीव्हीला जोडायचं गेमयंत्र, फॅमिकॉम, त्यांनीच घडवलं. १९७६ मध्ये योकोईंच्या चमूनं आणखी एक खेळणं काढलं. प्रोजेक्टरनं भिंतीवर उडतं बदक दिसायचं, नेम साधला की ते कोसळायचं. नाव होतं ‘डक हंट’. म्हणजे १९८४ च्या एप्रिलमध्ये फॅमिकॉमसाठी आलेला गेम हा त्या भिंतीवरच्या बदकाचाच पुढचा अवतार. योकोईंच्या विभागातल्या हिरोजी कियोताके यांनी त्याची रचना केली.

आता त्यातली खरी गंमत. घरच्या टीव्हीत सोलर सेल कुठून बसवणार? म्हणून निन्टेन्डोनं सगळा मामला उलटा केला. प्रकाश सोडण्याचं काम टीव्हीकडे दिलं आणि तो बघण्याचं काम बंदुकीकडे. ती बंदूक उघडून पाहा. नळीत आत एक साधं प्लास्टिकचं भिंग, त्याच्यामागे प्रकाश ओळखणारा इवलासा डायोड. गोळी नाही, किरण नाही.

चाप ओढला की पडदा एका फ्रेमपुरता, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, पूर्ण काळा होतो. लगेच पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. काळ्या फ्रेममध्ये अंधार आणि नंतर उजेड दिसला, तरच नेम धरला जातो. दोन बदकं असली तर दोन चौकोन एकामागून एक उमटतात. उजेड कितव्या फ्रेमला दिसला त्यावरून कुठलं बदक पडलं हे कळतं. बंदूक विजेच्या दिव्याकडे रोखून गुण लाटायचे, ही जुन्या खेळांतली लबाडी इथं चालत नाही. दिवा काळ्या फ्रेमलाही पेटलेलाच असतो, त्यामुळे चोरी तिथंच पकडली जाते. शिवाय पिक्चर ट्यूबचा झोत सेकंदाला सुमारे पंधरा हजार सातशे ओळी रंगवतो, त्याच लयीतला प्रकाश ओळखेल असा फिल्टर बंदुकीच्या सर्किटमध्ये आहे. खेळताना क्षणभर पडदा लुकलुकल्यासारखा वाटायचा, तो हाच प्रकार. इतकं स्वस्त सामान आणि इतकी चोख युक्ती मला व्हिडिओ गेमच्या इतिहासात फारशी दिसत नाही.

आणि तो कुत्रा! नेम चुकला की गवतातून डोकं वर काढून खिदळणारा. त्याच्यावर गोळ्या झाडून किती जणांनी बोटं दुखवून घेतली असतील. घरच्या गेममध्ये त्याला काही होत नाही. पण नाणं टाकून खेळायच्या ‘व्हीएस डक हंट’मध्ये बोनस फेरीत कुत्रा मध्ये उडी मारतो आणि गोळी त्याला लागू शकते. मग तो कुबडी घेऊन, पट्टी बांधून येतो आणि मला नाही, बदकांना मारा, असं खेळाडूलाच सुनावतो.

दुसरी गोष्ट तर कित्येकांना माहीतच नव्हती. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या माणसाला कंट्रोलर घेऊन बदक हवं तिकडे उडवता येतं. अमेरिकन माहितीपुस्तिकेत ते छापलेलं आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे फॅमिकॉमच्या नकला ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ म्हणून आल्या, सोबत बंदूक आणि शेकडो गेमची एक कॅसेट. माहितीपुस्तिका वाचतंय कोण? धाकट्या भावंडाच्या हातात कंट्रोलर असूनही ते बिचारं नुसतं पाळीची वाट बघत बसायचं.

अमेरिकेत ही बंदूक आधी राखाडी होती. खेळण्यातलं हत्यार खरं वाटू नये असा नियम तिथं आला आणि १९८९ च्या सुमारास ती नारिंगी झाली.

आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. चित्र काही क्षण उशिरा उमटतं आणि ओळीओळीनं धावणारा झोतही नसतो, त्यामुळे बंदुकीला दिसायला हवं ते हव्या त्या क्षणी दिसतच नाही. तेव्हा माळ्यावर जुनी बंदूक पडली असेल, तर घरातला डबा टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. एकदा दोन्ही जोडा, आणि कंट्रोलर धाकट्याच्या हातात द्या.