आज्ञा टंकून ई-मेल : अध्यापनातील उपयोग

ई-मेल म्हणजे ब्राउझरमधील एक पान, असा बहुतेक विद्यार्थ्यांचा समज असतो. वस्तुतः ई-मेल हा साध्या मजकुराचा दस्तऐवज होय. भारतात त्याचा प्रारंभ आज्ञा टंकूनच झाला. 1986-87 च्या सुमारास 'अर्नेट' प्रकल्पात मुंबईतील एनसीएसटी व आयआयटी या संस्थांमध्ये टेलिफोन लाइनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्या काळी 'शेल' खातेदारांना पडद्यावर केवळ अक्षरे दिसत आणि पत्रे 'पाइन'सारख्या प्रोग्रॅममध्ये वाचावी लागत.

लिनक्स संगणकावर 'मेल' हा प्रोग्रॅम आजही वापरता येतो. आज्ञेपुढे 'एस' हा पर्याय देऊन विषय व पत्ता टंकावा, मजकूर लिहावा आणि नव्या ओळीवर कंट्रोल व डी या कळा एकत्र दाबाव्यात. नुसते 'मेल' टंकल्यास आलेल्या पत्रांची क्रमवार यादी दिसते. क्रमांक दिल्यावर पत्र उघडते, 'डी'ने ते पुसता येते व 'क्यू'ने बाहेर पडता येते. पत्र पोहोचविण्याचे काम मात्र दुसरा प्रोग्रॅम करतो. तो आधी बसवून घ्यावा लागतो. त्यानंतर एकाच संगणकावरील वापरकर्त्यांना इंटरनेटविनाही आपसांत सराव करता येतो.

या सरावाचा खरा लाभ पत्राचे शीर्ष वाचताना होतो. 'फ्रॉम' ही ओळ पाठविणाराच लिहितो. लिफाफ्यावर कोणीही कोणाचेही नाव घालावे, तसेच हे आहे. 'रिसीव्ह्ड' या ओळी मात्र वाटेतील सर्व्हर एकावर एक जोडत जातात. त्यांपैकी आपल्या सर्व्हरने लिहिलेली ओळ विश्वसनीय असते. खालच्या ओळी बनावट असू शकतात. पाठविणाऱ्या डोमेनची तपासणी यशस्वी झाली की नाही, हेही बहुधा शीर्षात नोंदलेले असते. तथापि ती यशस्वी झाली तरी मिळतेजुळते डोमेन घेऊन फसवणूक होऊ शकते, म्हणून नावाचे प्रत्येक अक्षर तपासणे आवश्यक आहे.

हैदराबादसारख्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या शहरात पदवीनंतर विद्यार्थी नोकरीच्या पत्राची वाट पाहत असतो. एखाद्या नामांकित कंपनीच्या नावे 'अनामत रक्कम भरा' असे पत्र आले, तर शीर्ष वाचता येणारा विद्यार्थी पैसे भरण्यापूर्वी थांबेल. एका तासिकेत दिलेला हा धडा एखाद्या कुटुंबाची बचत वाचवू शकेल.