रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची, पण रूम कुठली?

फ्रान्समधल्या बोर्दोची चांगली रेड वाइन ‘संतुलित’ असते म्हणजे काय? तुरटपणा, आंबटपणा, फळाची चव आणि अल्कोहोल यांपैकी कुणीच दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, तसाच.

‘रूम टेंपरेचर’चा नियम मात्र युरोपातल्या थंड घरांचा, म्हणजे साधारण १६ ते १८ अंशांचा. हडपसरच्या उन्हाळ्यात घरातलं तापमान सहज तिशी ओलांडतं. मग अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि फळाचा सुगंध दबतो. फार गार केली, तर तुरटपणा बोचतो.

म्हणून बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. ग्लास एक तृतीयांशच भरा, आधी वास घ्या, मग छोटा घोट. चव रेंगाळली, पण काहीच टोचलं नाही? तेच संतुलन.