लेहची सफर आणि गॅरेजचे काम

उन्हाळ्यात मनाली-लेह रस्ता बर्फातून मोकळा झाला की मोटारसायकलवाल्यांची सफर सुरू होते. मुंबई-पुण्याचे तरुणही जातात. निघण्यापूर्वी गाडी येते ती गल्लीतल्या मिस्त्रीकडेच. म्हणून कारागीर बंधूंनी या कामाची माहिती ठेवावी.

या रस्त्यावरची तांगलांग ला खिंड सुमारे १७,४८० फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. हवा विरळ होते, कार्बोरेटरमधून पेट्रोल मात्र त्या मानाने जास्त येते. मग प्लग काळा पडतो, गाडी चढावर दम टाकते. इलाज लहान मेन जेटचा. खाली उतरल्यावर मूळ जेट पुन्हा बसवावाच, नाहीतर इंजिन तापते. इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोलचे प्रमाण आपोआप जुळवतात. जोर त्यांचाही कमी होतो.

उतारावर खरा धोका ब्रेकचा. सतत दाबून ठेवल्यास लायनर तापून पकड सुटते. उतरताना खालचा गिअर ठेवावा, हे गिऱ्हाइकाला सांगावे. जादा क्लच वायर, प्लग व ट्यूब बरोबर द्यावी.

झिजलेला लायनर ‘चालेल’ म्हणून सोडू नये. गिऱ्हाइकाचा जीव आणि दुकानाची पत, दोन्ही त्यावरच आहे.