नदी नसलेला नदीकाठ

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरी तुरिया नदीच्या पात्रात आम्ही सकाळभर हिंडलो, पण पाऊल काही भिजले नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात पुराने शहराची दैना केली. तेव्हा सरकारने नदीच दक्षिणेला नव्या पात्रातून वळवली. रिकाम्या पात्रात हमरस्ता करण्याचा घाट होता. तो नागरिकांनी हाणून पाडला, म्हणून आज तिथे मैलोगणती बाग आहे.

बागेच्या समुद्राकडच्या टोकाला सान्तियागो कालात्रावा या इथल्याच वास्तुकाराच्या पांढऱ्याशुभ्र इमारती. एक पापणी उघडणारा भलामोठा डोळा, दुसरी अजस्र प्राण्याच्या बरगड्यांसारखी. पलीकडच्या मत्स्यालयावर फेलिक्स कान्देलाचे कमळासारखे छत. देखणे आहे, वादच नाही. पण सौ. म्हणाली, "डोळा आहे, हाडं आहेत, नदी तेवढी कुठे गेली?" पानशेतच्या गोष्टी ऐकत वाढलेली पुणेकरीण ती, विचारणारच!

उत्तर २९ ऑक्टोबर २०२४ ला मिळाले. नव्या पात्राने शहर वाचवले. दक्षिणेकडच्या पायपोर्तासारख्या गावांत मात्र पाणी घुसले आणि प्रांतात दोनशेहून अधिक माणसे गेली. बागेतल्या त्या डोळ्यासमोरून पूर गेलाच नाही.